काटा बंद आहे

माप-खात्याचा साहेब दुपारी उशिरा आला,
अर्धं तपासून म्हणाला, उरलेलं उद्या.
मी पाटी लटकवली : काटा बंद आहे.
केळीचे दोन ट्रक शिव्या देत वळले रावेरकडे.

पाचला घरी पोचलो तर कुमुद दचकली.
बावीस वर्षांत हा माणूस उजेडात घरी आला नव्हता.
पोरगी नाशिकला, माय मुक्ताईनगरला बहिणीकडे.
“मंग चला,” ती म्हणाली, “भाकर टाकत नाही आज.”

स्कूटरवर दोघांच्या मधे तिची पिशवी.
फैजपूरच्या अलीकडे, केळीच्या बागेला खेटून
पत्र्याचं हॉटेल. वेटरनं विचारलं, “फॅमिली?”
मी मागे वळून बघितलं, आणखी कोण आलंय.

शेवभाजी सांगितली. मग तिनं पिशवीतून
माझ्याच काट्याची एक रद्द पावती काढली.
पुढे छापलेलं : भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ माल.
मागे पेन्सिलीनं प्रश्न. बारीक अक्षर, सातवी पासचं.
“कवाचे लिहून ठेवलेत. इचारू?”

“माझ्या हातचं काय आवडत नाही तुम्हाले?”
मी पाणी प्यायलो. म्हणालो, गंगाफळाची भाजी.
“मले बी नाही आवडत!
तुमच्या मायनं सांगलं, तुम्हाले लई आवडते.”
आणि आम्ही इतकं हसलो, की शेजारच्या टेबलावरचा
ट्रॅक्टरवाला कांदा हातात धरून बघत राहिला.
बावीस वर्षांची गंगाफळं. गाडाभर भरली असती.

“मी माहेरी गेल्यावर घरात कुठी बसतात?”
हे कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं.
खरं सांगितलं : तुझ्या शिलाई मशीनवर.
दोरा न ओवता पायटा हलवत बसतो.
घरात आवाज लागतो तेवढा.
ती काही बोलली नाही. लिंबू पिळलं,
माझ्या ताटात, मग स्वतःच्या.

तिसरा प्रश्न तिनं वाचला नाही,
पावती फिरवून माझ्यापुढे ठेवली.
‘कधी सोडून जावं वाटलं का?’

रश्शावरचा तवंग हळूहळू ताटाच्या कडेला गेला.
वाटलं, म्हणालो. एकदा.
रावेर स्टेशनवरून खंडव्याचं तिकीट काढलं,
खंडव्याला उतरून दोन कप चहा प्यालो,
उलट्या गाडीनं परत आलो.
तुला सांगितलं, काट्याची केबल जळली होती.

“माहीत हाये,” ती म्हणाली.
“सदऱ्याच्या खिशात तिकीट सापडलं धुताना.
सुयांच्या डबीत हाये अजून. शाई उडाली त्याची.”
अकरा वर्षं.
मी विचारलं, मग काब्रं नाही विचारलं?
“तुम्ही जेवत होते.”

मला माझा एकच प्रश्न सुचला, तोही तिचाच :
आणि तू?
तिनं शेव बोटानं रश्श्यात बुडवली, भिजू दिली.
“रोज नाही,” म्हणाली.

परतीला काटा रस्त्यातच लागतो.
“मी कधी उभी राहिली नाही याच्यावर.”
केबिन उघडून बटण दाबलं. लाल आकडे पेटले.
ती चपला काढून चढली, देवळात चढावं तशी.
साठ.
मग मी. एकशे तीस.
सांगितलं, हा दहा-दहानंच मोजतो,
ट्रकचा काटा आहे, त्याला बारीक दिसत नाही.

“मंग मधलं कुठी जातं?”

हा प्रश्न पावतीवर नव्हता.
उद्या साहेबाला विचारतो, म्हणालो.
“साहेबाले नका इचारू,” ती म्हणाली,
आणि पिशवी हँडलला अडकवून मागे बसली.
पावतीवर अजून चार होते.