दूरचा वाफा

इतिवृत्त लिहिणं हे माझं काम.
मॉन्टेव्हिडिओ, नदीकाठचं हॉटेल, दुसरा मजला.
डाव्या हाताशी थर्मॉस, उजव्या हाताशी विजेचा बोर्ड,
आणि समोर तेवीस देशांतली माणसं
ज्यांना आकडे वाटून घ्यायचे आहेत.

आकडे म्हणजे पत्ते. जुन्या घडणीचे,
तीन ठिपक्यांनी तोडलेले. ते संपले कधीच.
आता कुणी बुडालं, कुणी फी थकवली,
की त्याच्याकडचे परत येतात.
काही महिने बाजूला ठेवतात त्यांना,
अंगावरची बदनामी वाळून जावी म्हणून,
मग यादीतल्या पुढच्या नावाला.
आज सकाळी मी यादी मोजली:
सातशे एकोणनव्वद.

(नवे पत्तेही आहेत, वाळूला लाजवतील इतके.
पण डोंगरातल्या दुकानातला जुना राउटर
त्यांना ओळख देत नाही.)

प्रस्ताव क्रमांक सात:
ज्यांना आजवर एकही मिळाला नाही, त्यांना आधी.
एवढंच. बाकी तीन पानं व्याख्या.
‘एकही’ म्हणजे किती, ‘आजवर’ कुठल्या तारखेपर्यंत,
आणि जुन्या कंपनीने काल दुसरी काढली
तर ती नवी का जुनी.

साओ पावलोच्या दोना लुसिमारा उभ्या राहिल्या.
म्हणाल्या, चार वर्षं रांगेत आहे मी.
आज माझ्यापुढे कुणाला घुसवलंत
तर उद्या रांगेत उभं कोण राहील?
खोटं नव्हतं त्यात काही.
मी शब्दन् शब्द उतरवला.

मग सेवेरिनो चोके.
बोलिव्हियातली टेलिफोन सहकारी संस्था,
तीनशे बारा सभासद, एक मनोरा,
सगळे एकाच पत्त्यामागे दाटीवाटीने;
एकाने आगळीक केली
की बँकेचं दार तीनशे बारा जणांना बंद.

माइकपाशी दोन मिनिटं मिळतात.
त्यातली वीस सेकंदं टोपी कुठे ठेवावी यात गेली.
मग म्हणाला,
आमच्या पाटाला पाणी येतं आठवड्यातून एकदा.
पाळी ठरलेली आहे, पण सुरुवात शेपटाकडून.
दूरचा वाफा आधी भिजतो.
वरच्यांनी आधी घेतलं
तर खाली पोचतो तो फक्त निरोप.
दिवा पिवळा झाला.
माझ्या आजोबांनी एकदा
दिवा लाल झाला.

अध्यक्षांनी हात वर करायला सांगितले.
इथे हात मोजतात, पण ते मतदान नसतं.
एका आक्षेपाला उत्तर सापडलं नाही
तर शंभर हात नुसतेच हवेत.
काचेच्या खोलीतला पोर्तुगीज आवाज एक वाक्य मागे होता,
म्हणून ब्राझीलचे हात उशिरा उठले,
काही खांद्यापाशीच थांबले.
‘एकमत नाही. पुन्हा चर्चेला.’
कॉफी.

इतिवृत्ताला नियम असतात:
विशेषणं नकोत, फक्त युक्तिवादाचा सारांश.
मी लिहिलं, वक्त्याने पाणीवाटपाचा दाखला दिला.
खोडलं. पुन्हा तेच लिहिलं.
मग नियम मोडून खाली एक ओळ:
सुरुवात शेपटाकडून.
कुणी हटकलं नाही. इतिवृत्त वाचतं कोण.

ऑक्टोबरात दुसरी आवृत्ती आली.
कलम दोन: परत आलेल्या दर चार गठ्ठ्यांतला
पहिला शेपटाकडे.
‘शेपूट’ या शब्दावर वीस मिनिटं खडाजंगी.
कायद्याच्या भाषेत शेपूट बसत नाही, कुणी म्हणालं.
लुसिमाराबाई म्हणाल्या, शब्द राहू द्या,
व्याख्या घट्ट करा.

सेवेरिनोकडे या खेपेला तिकिटाचे पैसे नव्हते.
पडद्यावरून बोलणार होता.
चौकोनात चेहरा आला, ओठ हलले,
आणि तिथेच थिजला,
तोंड अर्धं उघडं, मागे निळी टाकी.
अध्यक्षांनी दोन मिनिटं पुरी होऊ दिली.
कुणी खोकलंही नाही.
पिवळा. लाल.

मी लिहिलं: वक्ता उपस्थित.
आक्षेपांसाठी आणखी चार आठवडे मुदत.

खिडकीबाहेर ती गढूळ नदी,
पलीकडचा काठ दिसत नाही इतकी रुंद.
थर्मॉस हलवून पाहिला.
तळाशी घोटभर होतं.