बाण

भगूरच्या घरी खिडकीला टेकून आप्पा बसलेत.
उजवा कान पुरता गेलेला, डावा थोडा शिल्लक.
पेन्शनबरोबर तोफखान्याने दिलेली ही दुसरी गोष्ट.
मी मोबाइल त्यांच्या चष्म्याजवळ धरते,
"हे बघा, तुमचं बेट."

आधी समुद्र दिसतो. सगळ्यांना आधी तोच दिसतो.
हिरवा, मग निळा, मग नाव नसलेला एक रंग
जो आमच्या गोदावरीत कधी उतरला नाही,
दारणेत तर नाहीच.
वाळू इतकी पांढरी, की चप्पल काढताना
टाचांच्या भेगांची लाज वाटली होती मला.

ते बोटांनी फोटो मोठा करतात.
समुद्र बाजूला सारतात,
नारळ सारतात, केशरी टोपीतला जावई सारतात
आणि कोपऱ्यातल्या तोफेपाशी येऊन थांबतात.
तिला आता चंदेरी रंग दिलाय.
नळीवर दोन पोरं बसलीत,
तिसरं आत आइस्क्रीमची काडी टाकतंय.
"ग्रीस नाही मारलेलं," आप्पा म्हणतात.
"खाऱ्या वाऱ्यात ठेवलीय, आणि ग्रीस नाही!"

एकाहत्तर साली अकरा महिने होते ते तिथे.
लहानपणी आम्ही विचारायचो, किती गोळे सोडले?
एकही नाही, म्हणायचे.
गल्लीत सांगायला कमीपणा वाटायचा आम्हाला.
धोंगड्यांच्या वडिलांनी निदान एक पूल उडताना पाहिला होता,
आमच्या आप्पांनी डब्यातले मासे
आणि दुर्बिणीतून पाणी.

बंकर सापडायला वेळ लागला, आप्पा.
केवड्याच्या मागे होता.
आत शहाळेवालीचे दोन कोयते, पंक्चर सायकल,
भिंतीभर बदाम कोरलेले, बाणांसकट,
आणि बंदुकीच्या फटीखाली
डांबराने ओढलेला एक वेगळा बाण.
शेजारी देवनागरीत आपल्या गावाचं नाव.

मी उभी राहिले. वटवाघळांचा वास, पायाखाली ओल.
मग मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं.
माणूस असं का करतो कोण जाणे.
बाण पूर्वेला होता.
देवळाली पाठीमागे. सपशेल पाठीमागे.

परतीच्या विमानात तेवढंच डोक्यात.
जन्मभर कोन मोजलेला माणूस
आणि घराचीच दिशा चुकली.
सांगावं, की राहू द्यावं?

आज सांगितलं. मोठ्याने, डाव्या कानात,
म्हणजे भिंतीपलीकडच्या कुलथेकाकूंनाही.

आप्पा हसले नाहीत, रागावलेही नाहीत.
"चुकला नाही," म्हणाले.
"घर कुठं ते ठाऊकच होतं की.
बोट तिकडून यायची."

मला कॅम्पातल्या जुन्या बराकी आठवल्या,
लांबच लांब, कौलारू, रोज शाळेला जाताना दिसायच्या त्या.
तिथे गोरे शिपाई महिनोन् महिने
घरी नेणाऱ्या बोटीची वाट बघत पडून असायचे,
समुद्रापासून एवढ्या लांब, या कोरड्या माळावर.
काहींची डोकी फिरायची म्हणतात.
त्यांनी कुठे बाण काढले असतील?
मी त्या भिंती कधी नीट बघितल्याच नाहीत.

तेवढ्यात रेंजवर सराव सुरू झाला.
तावदानं थरथरली, कपाटातल्या बशा बोलल्या,
स्टीलच्या पेल्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं.
आप्पांना आवाज आला नाही.
त्यांनी पेल्यावर तळहात ठेवला,
गरम दुधावर झाकण ठेवावं तसा,
आणि ओठातल्या ओठात आकडे मोजत राहिले.

मग विचारलं, "डांबर टिकलंय का गं?
अक्षरं लागतात सगळी?"

"लागतात," मी म्हणाले.
खरं तर शेवटचा 'ली' कधीच गळून गेलाय.
उरलंय देवळा,
आणि ते आपल्याच जिल्ह्यातलं
दुसरंच गाव आहे.