बादलीभर जुनी वाळू

जूनमध्ये आम्ही वाळू बदलली.
पांढरी, धुतलेली, पावतीवर दाण्याचं माप मिलिमीटरमध्ये.
विहीर तीच, नव्वद मीटर खोल,
पाणीही तेच: वर येतं तेव्हा आरसा,
हवा लागली की तासाभरात कोऱ्या चहासारखं.

लोखंड आठ-दहा दिवसांत अडकू लागलं.
मँगनीज मात्र सरळ चालत गेलं,
वाळूतून, नळातून, गावभर.
रिगमोर धुतलेली चादर घेऊन
पंपघराच्या दारात उभी राहिली.
बोलली नाही. घडी उलगडली फक्त.
काळी बोटं.

कंपनीचा माणूस म्हणाला, क्लोरीन टाका, की झालं.
मी म्हटलं, मारल्यावर काम कोण करणार?
तो हसला. त्याला वाटलं,
मी माणसांबद्दल बोलतेय.

वाळू फार स्वच्छ होती, एवढाच तिचा दोष.
तिच्यावर अजून कुणी राहायला आलं नव्हतं.

ओढ्यापलीकडे नोर्बेकचं जलघर.
पाइपलाइनच्या भांडणापासून एकोणीस वर्षं
आमच्यातलं कुणी तिथे पाऊल टाकलं नव्हतं.
मी सायकलला बादली अडकवून गेले.
इंगवर्डने झाकण उचललं, फावडं घातलं,
कॉफीचं विचारलं नाही,
बादली काठोकाठ भरली
आणि वर ओला टॉवेल टाकला.
'वाऱ्याने सुकली तर मरतील.'
एवढंच.

दाणे काळे, मोहरीसारखे,
बोटाला शाई लागावी तसे लागणारे.
आई शेजारून वाटीत विरजण आणायची,
तशी मी ती बादली आणली,
चढावर उतरून, चालत.

नंतर काही करायचं नव्हतं. तेच कठीण.
पाणी पायऱ्यांवरून पडू द्यायचं,
वाळू धुताना हात आखडता घ्यायचा,
सोमवारी बाटली भरायची, वहीत आकडा.
एकोणीस. सतरा. पुन्हा एकोणीस.
सप्टेंबरात अकरा.
ते खाली अंधारात नेमकं काय करतात
हे प्रयोगशाळेतल्या मुलीलाही पुरतं सांगता येईना.
तिने खांदे उडवले.
मला बरं वाटलं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी, तीन.
मी नळ सोडला, पेला भरला.
चव? कसलीच नाही.
चार महिने मी ह्याच कसलीच-नाहीची
वाट पाहत होते.

इंगवर्डची टाकी पुढच्या उन्हाळ्यात
उपसायची आहे, रिगमोर सांगत होती.
बादली मी अजून दाराशीच ठेवलीय.
धुतलेली नाही.