जोडू नये

डे मॉइनच्या सरकारी इमारतीत, चौथ्या मजल्यावर,
माझ्या टेबलाला एक खिडकी आहे
आणि खिडकीत समोरच्या विमा कंपनीचं घड्याळ,
सात मिनिटं पुढे.
कोणी दुरुस्त करत नाही. मीही सात वजा करून वाचते.

काम सांगायला सोपं:
वित्त आणि विमा, आयोवा राज्य, वर्षागणिक किती.
मका मोजता येतो, डुकरं मोजता येतात,
ट्रॅक्टर कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडताना दिसतो.
पण घर उडालं तर आम्ही आहोत, असं म्हणणारा कागद
घर न उडालेल्या वर्षी
किती पिकला म्हणायचा?

बँकेचं तर त्याहून अवघड, ती बिलच देत नाही.
ठेवीवर थोडं कमी दिलं, कर्जावर थोडं जास्त घेतलं,
त्या फटीत बोट घालून चाचपायचं.

विम्याची रीत अशी:
जमलेल्या हप्त्यांतून भरपाई वजा करा,
पण दिलेली नव्हे, अपेक्षित.
म्हणजे मागच्या कित्येक वर्षांच्या पडझडीची सरासरी.
त्या ऑगस्टात वारा आला, दुपारी रात्र झाली,
धान्याची पत्र्याची कोठारं चुरगळली
रिकाम्या डब्यासारखी,
आणि माझ्या आलेखातल्या रेषेनं
मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.
(नुकसान वेगळ्या रकान्यात जातं. आहे तो रकाना. मी पाहिलाय.)

लायल चाडेन, दावे तपासणारा,
एकतीस वर्षं गाडीच्या टपावर शिडी बांधून हिंडला.
त्याला हे सांगितलं तर हसायलाच लागला.
"म्हणजे मी छपरावर चढलो ते तुझ्या हिशेबात नाही?"
तुझा पगार आहे, म्हटलं.
"आणि त्या म्हातारीबरोबर गवतात ओणवा होऊन
तिच्या नवऱ्याचा चष्मा शोधला, तो?"
मी कॉफी ढवळत राहिले.
साखर घेत नाही मी, तरी.

दर सप्टेंबरात वॉशिंग्टनहून सुधारित आकडे येतात
आणि भूतकाळ बदलतो.
चार वर्षांपूर्वीचं साल
आपण भोगलं त्यापेक्षा बरं निघतं,
कधी त्याहून वाईट.
फोन करून कुणाला सांगावं असं काही नसतं त्यात.

माझी आई आर्डिथ त्रेसष्ट साली
समोरच्याच इमारतीत लागली, एकोणीस वर्षांची.
हवेच्या नळीतून दाव्यांचे कागद वर पाठवायची,
घरी येऊन आम्हाला तो आवाज काढून दाखवायची:
फुप्प.
सत्त्याण्णवच्या वसंतात केक कापून तिला निरोप दिला.
त्याच वर्षी उद्योगांचं वर्गीकरण बदललं.
कोष्टकात तिथे एक तुटक रेघ आहे, खाली बारीक अक्षरात:
*या रेघेच्या अलीकडची आणि पलीकडची मालिका जोडू नये.*

परवा सगळे गेल्यावर जोडली.
त्या एका सालाचे आकडे दोन्हीकडे सापडतात,
त्यांचं गुणोत्तर काढलं
आणि मागे मागे गुणत गेले,
शहाण्णव, नव्वद, एकोणऐंशी,
चालू किमती स्थिर करत, महागाई सोलत,
थेट त्रेसष्टपर्यंत.
शास्त्र म्हणून हे भिकार काम आहे,
कुणा शिकाऊ पोरानं केलं असतं तर मी वही परत फेकली असती.

रेषा छान आली. सलग.
आई कामाला लागली त्याच्या पुढच्या वर्षी
ती किंचित खाली गेलेली.
मला हसू फुटलं, रिकाम्या मजल्यावर, एकटीला.
दशांश चिन्हानंतर किती घरं जावं लागेल
तिचा आठवड्याचा पगार लागायला,
तेही काढून पाहिलं.
सांगत नाही.

कागद छापला, दोनदा घडी घालून पर्समध्ये ठेवला.
कोष्टक होतं तसंच पाठवलं, तुटक रेघेसकट,
तळटिपेसकट.
ती तळटीप माझीच आहे. अठ्ठ्याण्णवमध्ये
नोकरीच्या पहिल्या आठवड्यात लिहिली होती,
समोरच्या घड्याळात पाच वाजलेले बघून,
घाईघाईत.