एक, तीन, चार, दोन

हररच्या शिंप्यांच्या गल्लीत
गाडी अडखळली की लोकांना लगेच कळतं,
कारण बाकी काहीच अडखळत नसतं तिथं:
दोन्ही बाजूंना पायमशिनी,
टिपेला टीप जोडत जाणारी घरघर.
अब्दोशची पूजो चारशेचार
त्या घरघरीतून आली ती लंगडत.
अंग निळं, टप पांढरा,
माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठी.
धड, धड, मधेच पोकळी, धड.
आरशाला अडकवलेली जपमाळ
दर पोकळीला हिसका खात होती.

"कार्ब्युरेटर," अब्दोश म्हणाला. "मेव्हण्यानं सांगितलं.
नवा घातला. प्लगही चारी नवे."
म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी,
तीही उधारीवर.

तेवेल्दे काही बोलला नाही.
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा
तसा मडगार्डवर हात ठेवला,
मला म्हणाला, मोज.
या इंजिनाचा पेटण्याचा क्रम त्यानं
पहिल्याच दिवशी पाठ करून घेतला होता, पाढ्यासारखा.
एक, तीन, चार, दोन.
एक, तीन, चार, दोन.
मी मोजत राहिलो. चारातला एक जागेवर नव्हता.
कुठला, ते नुसत्या कानाला कळत नाही.

मग फडकं गुंडाळून त्यानं वायरी उपसल्या, एकेक.
पहिली काढली, इंजिन खचलं. परत लावली.
दुसरी काढली, गाडी सबंध शहारली.
चौथीला तर बंदच पडायला आली.
तिसरी काढली.

काही नाही.
तीच लंगडी चाल, माळेला तोच हिसका.

"जो उठून गेला तरी घरात कुणाला पत्ता नाही,"
तेवेल्दे म्हणाला, "तो आधीच गेलेला असतो."
असलं काही बोलला की थोडा वेळ गप्प बसायचा.
अस्मारात त्याचा एक भाऊ होता.
कधीपासून फोन लागत नव्हता, मी विचारलं नाही.

प्लगांची अदलाबदल केली, तिसऱ्याचा पहिल्यात.
दोष जागचा हलला नाही. प्लग निर्दोष सुटला.
मग वायरींची, दांड्यांसकट.
या गाडीचे प्लग विहिरीच्या तळाशी असतात,
तिथवर ठिणगी पोचवते
बॅकेलाइटची एक काळी दांडी.
आता पहिला मुका झाला
आणि तिसरा बोलू लागला.

मगरीबची बांग झाली. शिंप्यांनी मशिनींवर कापडं टाकली.
शेडमधला दिवा तेवेल्देनं मुद्दाम मालवला.
मी चावी फिरवली. तो रबरी नळीच्या तुकड्यात
दांडी धरून लोखंडाजवळ नेत होता.
ठिणगी पडली, पण टोकाला नाही:
मध्यावर, केसाएवढ्या चिरेतून
एक निळी रेघ आडवी निसटून
इंजिनाला डसत होती.
पुन्हा. पुन्हा.
निघालेली, पण कधीच न पोचलेली.

"एवढंच?" अब्दोश म्हणाला.
कार्ब्युरेटरच्या पैशांत धाकटीची सहामाही फी निघाली असती.
तेवेल्दे म्हणाला, "चीर लहान असते.
शोधणं मोठं."

मागच्या अंगणात एक मेलेली चारशेचार होती,
तिच्या बॉनेटखाली कोंबड्या अंडी घालायच्या.
मी हात घातला, चोच खाल्ली,
चारांतली एक दांडी धड मिळाली.
पेट्रोलनं पुसली, विहिरीत सोडली, दाबली.
खट्.

एक, तीन, चार, दोन.
जपमाळ स्थिर झाली, नुसती
बारीक थरथरत राहिली, जिवंत माणसाच्या पापणीसारखी.

अब्दोशनं अर्धे पैसे दिले, उरलेल्यांत
खातची एक हिरवी जुडी,
आणि गुरुवारचा वायदा.
लाल दिवे उतारावरून दिसेनासे झाले,
तरी आवाज कितीतरी वेळ सलग येत होता.

तेवेल्देनं हात पुसले. फोन काढला,
नंबर लावला, कानाला धरला.
मी मनात मोजत होतो.
त्यानं फोन खिशात टाकला.
"ब्रेकचं तेल आहे का बघ," म्हणाला,
"उद्या सकाळी एक बजाज येणार आहे."