बूड

एल्त्ये आली ती पर्समधून चुंबक काढतच.
फ्रिजवरचं, दीपगृहाचं, रंग उडालेलं,
सिक्कोबरोबरच्या एकुलत्या एका सुट्टीतलं.
पायपुसण्यावर बूट पुसायच्या आधी
पहिल्या पातेल्याच्या बुडाला लावलं. पडलं.
दुसऱ्याच्या. पडलं.
तिसऱ्याला चिकटलं, पण कसं,
लग्नात लांबचा पाहुणा हात मिळवतो तसं.
"हे नको, मेन्नो. धरायचं तर धरावं."

चाळीस वर्षं मी भांडी विकतोय
अ‍ॅपिंगेडाममध्ये, जिथं जुनी स्वयंपाकघरं
कालव्यावर लोंबतात
आणि खालून बदकं वास घेत जातात.
गिऱ्हाईक झाकण बघतं, कान बघतं,
चकाकीत स्वतःचं तोंड बघतं.
एल्त्ये भांडं आधी पालथं घालते.

मार्चमध्ये तिच्याकडचा गॅस गेला.
दोन पोरं आली, नळी कापली,
टोपण बसवलं, सही घेतली.
ओट्यावर आता काळी काच,
गोठलेल्या तळ्यासारखी,
जिच्यावर अजून कुणी पाय ठेवला नाही.
सासूची तांब्याची कढई तिच्यावर नुसती बसून राहते.
काच तिला ओळखत नाही.

सिक्को एकतीस वर्षं गॅसविहिरींवर होता.
खालचा गॅस वर आला, पगार आला, छपराला नवी कौलं आली.
मग आतून रिकामी झालेली जमीन
रात्रीची कूस बदलू लागली.
जिन्यापासून आढ्यापर्यंत तडा.
त्यांच्या स्वयंपाकघरात गोटी ठेवली
तर ती आपली आपण दाराकडे निघते.
तडा बुजवायला माणसं आली
तोवर सिक्को नव्हता.

आता तिनं त्याची पोलादी पट्टी काढली,
बुडावर आडवी धरली, खिडकीकडे वळली.
पट्टीखालून उजेड गेला की भांडं बाद.
मी म्हणालो, थांब,
केसाएवढा उजेड जाऊ दे.
जाड बुडाचं चांगलं भांडं थंड असताना
मध्ये किंचित आत असतं.
तापलं की खाली येतं, पुरतं टेकतं.
पातळ बुडाचं फुगतं
आणि काचेवर भोवऱ्यासारखं फिरतं.
"आधी का नाही सांगितलंस?
तीन चांगली परत ठेवली मी."

मग तिनं निवडलं ते,
दोन हातांनी उचलावं असं, रिबीट मारलेल्या कानांचं.
काउंटरवर ठेवलं.
डुगडुगलं.
उलटलं, पट्टी लावली: सरळ.
सुलटलं: डुगडुग.
दुसरं आणलं. तेही.
मी म्हणालो, माल असा येतो हल्ली, काय करणार,
आणि कोपऱ्यातली टोपली दाखवली,
"लंगडी, निम्म्या किमतीत" अशी पाटी लावलेली,
माझ्याच अक्षरात.

एल्त्ये काही बोलली नाही.
पट्टी उचलली
आणि माझ्या काउंटरवर आडवी ठेवली.

उजेड गेला.
नुसता केसाएवढा नाही, बोटभर.
भिंतीनं रेटून रेटून
सागवानाला पीळ भरला होता,
आणि मी त्याच्यावर रोज
कोपरं टेकून
बुडाच्या गोष्टी सांगत होतो.

किती भांडी लंगडी ठरवली मी?
ठणठणीत, बसायला सपाट जागा मागणारी?
तिनं टोपलीतून दोन घेतली, निम्म्या किमतीत,
पाटीकडे बोट दाखवून.
मोहरीच्या सुपाला एक, बटाट्यांना एक.
"काचेवरून ओढू नकोस," मी म्हणालो, "उचलून ठेव.
ओरखडा जात नाही."
"ओरखडे माहीत आहेत मला," ती म्हणाली.
दारावरची घंटा वाजली.

चुंबक विसरून गेली.
गल्ल्याच्या पेटीला चिकटलंय, काल रात्रीपासून.
पहाटे पुन्हा हादरा आला, लहानसा,
टांगलेल्या कढया एकमेकींना लागल्या,
टोपलीतली झाकणं बराच वेळ बडबडत राहिली.
दीपगृह होतं तिथंच.
उद्या नेऊन देईन.
सूप झालं असेल तर आजच.