आवक-जावक

साखर पेठेतल्या दवाखान्यात मी लागलो
तेव्हा खुर्च्या तीन होत्या.
एक डॉक्टरांची, एक सिस्टरची,
तिसरीचा पाय मोडका, ती पेशंटची.
मी ड्रेसर. मला बसायला कधी लागलंच नाही.
मागावरनं उडालेल्या धोट्यानं फुटलेली कपाळं,
विडीचं पान कातरताना कापलेले अंगठे,
सगळं उभ्यानंच बांधायचं.

मग योजना आली. योजनेबरोबर समन्वयक,
समन्वयकामागून सहायक,
सहायकाचं काम बघायला पर्यवेक्षक,
आणि बघितलं का, हे विचारायला
आठवड्यातनं दोनदा एक पांढरी जीप.
इंजेक्शनच्या खोलीत कपाटं गेली.
इंजेक्शन जिन्याखाली आलं.
तिथं घेणाऱ्यानंही वाकायचं, देणाऱ्यानंही.

देणाऱ्या एकट्याच, रत्नाबाई कोंगारी.
त्या रिटायर झाल्या, खुर्ची राहिली.
फळ्यावर आहे: परिचारिका, मंजूर पदे दोन,
भरलेली शून्य.
दर एक तारखेला ते शून्य मी नव्या खडूनं काढतो.
वाकडं आलं तर पुसून पुन्हा.

मे महिन्यात पत्रा तडतडतो.
रांगेत म्हाताऱ्या, पदराला तंबाखूचा वास.
विचारतात, "डॉक्टर उन्नारा?"
"उन्नारु," मी सांगतो, "पण मीटिंगला."

हे सगळं मी टपरीवर रंगवून सांगायचो,
हसायचे लोक, चहाचे पैसे कुणी घ्यायचं नाही.
परवापर्यंत.

परवा डेटा एन्ट्रीला मुलगी आली, श्यामला म्याकल.
करार अकरा महिन्यांचा.
आधीच्या मुलाचा पगार तीन महिने अडकलेला,
तिला ते माहीत होतं, तरी आली.
आई रोज हजार विड्या वळते.
त्या आईची तर्जनी मला पाठ आहे,
दोनदा मीच पट्टी बांधलीय.
घरात पहिल्यांदाच कुणाचा तरी पगार बँकेत येणार,
म्हणून आईनं पेढे पाठवले होते,
चार, वर्तमानपत्रात गुंडाळून.

माझ्या रजिस्टरातली नावं ती मशीनमध्ये भरू लागली.
अडखळली एकदा. "मामा, निरंक म्हणजे?"
म्हटलं, काही नाही.
म्हणजे काही नाही, असं लिहायचं.
पण लिहायचंच.

तिला बसायला खुर्ची नव्हती.
बाराच्या बारा भरलेल्या.
मी रत्नाबाईंची ओढून आणली,
बोळ्यानं पुसली, आधी ओल्या, मग कोरड्या.
पेढा अजून तोंडात होता माझ्या.

अकराच्या सुमाराला रांगेतली पहिली म्हातारी
आत आली. खुर्ची बघितली,
खुर्चीत कुणी आहे हे बघितलं,
आणि काही न विचारता
पोलक्याची बाही वर सारून
दंड पुढं केला.

पोरीनं की-बोर्डवरनं हात उचलले
आणि माझ्याकडं बघितलं.